बँकॉकचं सुपररिच, 220 बाटचं एटीएम आणि पाकिटातली कार्डं: एका निवृत्त कॅशियरचा शेरा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका होईल. बँकॉकला जाताना माणशी दोन-तीनशे डॉलर शंभराच्या कोऱ्या नोटांत न्या आणि ते विमानतळाच्या तळघरात बदला. वरखर्चासाठी परदेशी मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी, न लावणारं एक डेबिट कार्ड जवळ ठेवा. एटीएमला जायची वेळ आलीच तर एकदाच जा आणि मोठी रक्कम काढा. दर दोन दिवसांनी दोन-तीन हजार बाट, म्हणजे तिथलं चलन, काढत बसलात, तर तिथल्या बँकांचं भलं होईल, तुमचं नाही.

आता सविस्तर. माझं आयुष्य एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर गेलं. त्यामुळे आमच्या भिशीनं 2025 च्या पावसाळ्यात थायलंडला जायचं ठरवलं, तेव्हा खजिनदार कोण हा प्रश्नच आला नाही. आम्ही आठ जणी, सगळ्या साताऱ्याच्या. विमान आणि हॉटेल एकीच्या मुलानं बुक करून दिलं होतं. जेवणखाण, रेल्वे, बोटी आणि देवळांची तिकिटं सामायिक वर्गणीतून. मसाज, बॅगा, टॉप्स जिचे तिनं. सगळ्याजणींनी मिळून बाट हातात घ्यायचे जेवढे मार्ग असतात तेवढे वापरले. कुणी डॉलर आणले, कुणी आधीच परकीय चलन भरून घ्यायचं फॉरेक्स कार्ड, कुणी नेहमीचं डेबिट कार्ड आणि एकीनं तर पाचशे रुपयांच्या नोटांची पुडकी. मी काही प्रयोग मांडला नव्हता, पण वही माझ्याकडे असल्यामुळे तो आपोआप झाला.

माझं माप एकच: सगळे चार्जेस धरून, हातात आलेला एक बाट आपल्याला कितीला पडला? ‘झिरो कमिशन’ आणि ‘बेस्ट रेट’च्या पाट्या मी नोकरीत असतानाही वाचत नव्हते. आम्ही गेलो तेव्हा बाटचा बाजारभाव साधारण 2 रुपये 65 पैसे होता. पुढचे सगळे आकडे त्या आठवड्यातले आहेत. भाव रोज हलतो, पण चार्जेसचं गणित हलत नाही. तेच लक्षात ठेवायचं.

डॉलर पुण्यातून, कॅम्पातून घेतले. पॅन, पासपोर्ट आणि तिकीट मागतात. 50 हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोख घेत नाहीत, खात्यातून पाठवावे लागतात. एका माणसाला एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात; आमची उडी तिथवर नव्हतीच. जीएसटी 18 टक्के म्हटल्यावर आमच्या शिंदे वहिनींनी पर्स बंद केली होती. तो पूर्ण रकमेवर नसतो. 1 लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि त्या 1 टक्क्यावर 18 टक्के. म्हणजे 25 हजारांच्या डॉलरवर 45 रुपये. एवढ्यासाठी पर्स बंद करायची गरज नाही. टीसीएसचंही, म्हणजे चलन विकतानाच आगाऊ कापून घेतात त्या कराचं, अनेकांच्या डोक्यात भूत असतं. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंतच्या परकीय चलनावर तो लागत नाही. टूर पॅकेज घेतलंत तर त्याचा नियम वेगळा.

जीएसटी धरून डॉलर 86 रुपये 60 पैशांना पडला. तिथंच थेट बाटही मिळत होते, 2 रुपये 85 पैशांनी. आपल्याकडे बाटची उलाढाल कमी, त्यामुळे विकणारा भावात भरपूर जागा ठेवतो. डॉलरचं तसं नाही, तो सगळीकडे चालतो आणि सगळीकडे स्पर्धा असते. दोनदा बदलायचं म्हणजे दोनदा नुकसान, असं वाटतं खरं. पण इथं उलट आहे.

नोटा मात्र तपासून घ्या. मी काउंटरवरच गड्डी उघडून एकेक नोट उजेडात धरली. एकीवर कोपऱ्यात निळा शिक्का होता, दुसरीला घडीवर चीर. दोन्ही परत केल्या. काउंटरवरच्या मुलाला माझा राग आला असणार, पण मी त्याच्या जागी बसलेली बाई आहे, मला त्या रागाचं काही वाटत नाही. आपल्याकडे नोटेवर फोन नंबर, प्रेमपत्र आणि किराण्याची यादी काहीही चालतं. तिकडे डागाळलेल्या डॉलरला एकतर नकार मिळतो नाहीतर बट्टा लागतो.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर सामान घेऊन बाहेर आलं की लगेच बँकांचे काउंटर दिसतात. झगझगीत, गणवेशातल्या हसऱ्या मुली, समोर आकड्यांचे फलक. तिथं शंभराच्या डॉलर नोटेला 31.10 बाट असा भाव होता. बायका रांगेत उभ्याही राहिल्या होत्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सरकत्या जिन्यानं ‘बी’ मजल्यावर नेलं, जिथून शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक सुटते. त्या स्टेशनच्या दारात चलन बदलणाऱ्या छोट्या खिडक्या ओळीनं आहेत. सुपररिचही तिथंच. भाव 32.35. त्याच इमारतीत, दोन-तीन मजल्यांच्या अंतरानं, शंभर डॉलरमागे सव्वाशे बाटचा फरक. सव्वाशे बाटमध्ये रस्त्यावर दोन जणींचं जेवण होतं. वरच्या काउंटरवर रांग का असते याचं उत्तर एवढंच की दमलेला माणूस जिना उतरत नाही.

सुपररिच ही एक कंपनी नाही हे आधी समजून घ्या. हिरव्या पाटीचं वेगळं, केशरी पाटीचं वेगळं. नावं सारखी, मालक निराळे. भावात दोन-चार पैशांचा फरक असतो, कधी हा पुढे तर कधी तो. दोघांचीही मुख्य दुकानं राजदमरी रस्त्यालगत, बिग सी मॉलजवळच्या गल्लीत आहेत. आमचं हॉटेल प्रतुनामला होतं, चालत जाण्याच्या टप्प्यात, म्हणून उरलेले डॉलर मी तिथं बदलले. विमानतळाच्या तळघरापेक्षा तिथं 5 पैसे जास्त मिळाले: 32.40. म्हणजे शंभर डॉलरमागे 5 बाट. तेव्हा मुद्दाम रेल्वेचं तिकीट काढून पैसे बदलायला राजदमरीला जाऊ नका. त्या बाजूला असाल तरच जा.

दुकानाबद्दल मात्र मला लिहायलाच हवं, कारण इतकं नेटकं कॅश काउंटर मी क्वचित पाहिलं आहे. आत गेलं की पासपोर्ट द्यायचा. फलकावर प्रत्येक चलनासमोर नोटेच्या दर्शनी किमतीप्रमाणे वेगळा भाव लिहिलेला असतो. डॉलरच्या शंभराला सर्वांत जास्त, पन्नासला त्याहून कमी, वीस-दहा-पाचला आणखी कमी आणि एक-दोनच्या नोटांना अगदी पडेल भाव. मैत्रिणींना हा अन्याय वाटला. मला नाही. सुट्ट्या नोटा मोजायला वेळ जातो, ठेवायला जागा लागते, पुढे पाठवायला खर्च येतो. आमच्या बँकेत दहाच्या नोटांची थैली घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याकडे सगळे कसं बघायचे ते मला आठवतं. फरक इतकाच की आम्ही तोंड वाकडं करायचो, हे भाव कमी करतात. हे जास्त प्रामाणिक.

काउंटरवरच्या मुलीनं नोटा हातानं चाचपल्या, यंत्रातून दोनदा काढल्या, रक्कम छापलेला कागद माझ्यासमोर ठेवला, बोट ठेवून भाव दाखवला आणि माझी मान हलल्यावरच बाट मोजायला घेतले. मोजतानाही यंत्राचा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. हजाराच्या किती, पाचशेच्या किती हवेत हेही विचारलं. मी शंभराच्या नोटांची एक छोटी गड्डी मागितली, तीही कुरकुर न करता दिली. पावती हातात, पुढचा माणूस खिडकीवर. सगळं मिळून चहा होईपर्यंत आटोपलं. एका खिडकीतल्या मुलीची नोटा मोजायची पद्धत बघत मी उगीच बाजूला उभी राहिले, तर सुमन म्हणाली, ‘‘अगं चल, तुझी बदली नाही होणार इथं.’’

रुपये नेणारीचं काय झालं? कायद्यानं 25 हजारांपर्यंत रुपये बाहेर नेता येतात, आणि सुपररिचवर पाचशेच्या नोटा घेतातही. पण भाव 100 रुपयांना 35 बाट. म्हणजे एक बाट 2 रुपये 86 पैशांना. डॉलर घेऊन आलेल्यांना तोच बाट 2 रुपये 67 पैशांना पडला होता. 20 हजार रुपयांच्या खर्चात तेराशे-चौदाशे रुपयांचा फटका. अडीअडचणीला बरे, मुख्य सोय म्हणून नाही.

आता एटीएम. आम्ही गेलो तेव्हा थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर पैसे काढले की दर वेळी 220 बाट घेत होत्या. रक्कम कितीही असो, एक हजार काढा की वीस हजार. ही फी 2009 मध्ये 150 बाटपासून सुरू झाली आणि चढत गेली. मॉलमध्ये एऑन नावाची मशिनं दिसतात, तिथं आम्हाला 150 लागले, पण ती शोधत हिंडण्यात अर्थ नाही. पैसे देण्याआधी मशीन पडद्यावर ही फी सांगतं आणि मान्य आहे का विचारतं, तेव्हा फसवणूक म्हणता येत नाही. पण 220 बाट म्हणजे आपले पाचशे ऐंशीच्या वर रुपये. आपल्या गावात महिन्यातले फुकटचे व्यवहार संपल्यावर वीस-पंचवीस रुपये कापले तरी मॅनेजरशी भांडायला येणारी माणसं मी पाहिली आहेत. तीच माणसं तिथं मुकाट्यानं हिरवं बटण दाबतात, कारण पडद्यावर 220 एवढाच आकडा दिसतो आणि मन त्याचे रुपये करत नाही.

आमच्यातल्या एकीनं नेहमीचं डेबिट कार्ड आणलं होतं. बँकेचं नाव घेत नाही, बहुतेक बँकांचं थोड्याफार फरकानं असंच असतं. तिनं 3,000 बाट काढले. थाई बँकेचे 220 मिळून 3,220 बाट, बाजारभावानं 8,533 रुपये. त्यावर तिच्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि मार्कअपवर जीएसटी, मिळून 4.13 टक्के, म्हणजे 352 रुपये. वर परदेशात पैसे काढल्याचे 150 आणि त्यावर जीएसटी, 177 रुपये. एकूण 9,062. एक बाट 3 रुपये 2 पैशांना पडला. डॉलरवाल्यांपेक्षा 35 पैसे जास्त. आणि हे ती पुन:पुन्हा करणार होती, कारण ‘‘जास्त कॅश अंगावर नको बाई’’ हे तिच्या नवऱ्यानं निघताना बजावलं होतं. काळजी रास्त आहे. पण त्या काळजीची किंमत दर खेपेला हजाराच्या वर रुपये पडते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

उलट बाजूला सामायिक खर्चासाठी मी काढलेले पैसे. माझ्याकडे मुलीनं काढून दिलेलं, मार्कअप न लावणारं डेबिट कार्ड होतं. अशी कार्डं आता बऱ्याच बँका देतात. अटी वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याआधी चार्जेसचं पान स्वतः वाचा, मुलाबाळांच्या भरवशावर राहू नका. एकदाच 20 हजारांच्या घरात बाट काढले. 220 तिथंही गेले, पण वीस हजारांत ते 1.1 टक्का होतात. एक बाट 2 रुपये 68 पैशांना. डॉलरपेक्षा जेमतेम एक पैसा महाग, आणि डॉलर सांभाळत पुण्याहून न्यायची कटकट नाही. तेच कार्ड, तेच मशीन, आणि मी 3,000 काढले असते तर 2 रुपये 84 पैसे झाले असते. कार्ड चांगलं की वाईट यापेक्षा तुम्ही ते कितीदा मशीनमध्ये घालता यावर सगळं ठरतं. हे मला कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं दिसलं नाही.

मोठी रक्कम काढायची तर दोन मर्यादा आड येतात. एक तिथल्या मशीनची: काही 20 हजारांवर थांबतात, काही 30 हजारांपर्यंत देतात. दुसरी आपल्या कार्डाची रोजची मर्यादा, ती निघण्याआधी ॲपमध्ये वाढवून ठेवायची. त्याच ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करायचं बटण असतं, तेही चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डांवर ते बंदच असतं. आमच्यातल्या दोघींची कार्डं पहिल्या रात्री याच कारणानं गप्प बसली. आणि भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, ओटीपी त्याच नंबरवर येतो. तिथलं स्वस्त सिम घालायच्या उत्साहात आपलं सिम काढून डबीत ठेवलंत तर कार्ड असून नसल्यासारखं.

एक कॅशियरी युक्ती: 20,000 काढू नका, 19,900 काढा. पूर्ण हजारांत मागितलं की मशीन हजाराच्या नोटा टेकवतं आणि मग चाळीस बाटच्या नारळपाण्याला हजाराची नोट पुढे करावी लागते. 19,900 मागितले की शेवटचे नऊशे सुट्टे येतात. आणि काही मशिनं आधी पैसे देतात, मग अजून काही व्यवहार करायचा का विचारतात, मग कार्ड सोडतात. आपल्याला पैसे हातात आले की वळायची सवय. कार्ड आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

यापेक्षा मोठा सापळा त्याच पडद्यावर पुढे आहे. फी मान्य केली की मशीन प्रेमानं विचारतं: तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का? समोर नेमके रुपयांचे आकडे असतात, ओळखीचे वाटतात, एका बाजूला स्वीकारा, दुसऱ्या बाजूला नाकारा. सुमनच्या पडद्यावर 10,000 बाट आणि वरचे 220 मिळून 28,616 रुपये दिसत होते. बोट हिरव्या बटणापर्यंत गेलंच होतं. मी तिचा हात धरला. त्या आकड्यात बाट 2 रुपये 80 पैशांनी धरलेला होता. रूपांतर नाकारलं की व्यवहार बाटमध्येच होतो आणि भाव व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. तसे ते 27,083 झाले. एका बटणात दीड हजार रुपये. ‘‘नको म्हटलं तर पैसेच नाही आले तर?’’ असं ती विचारत होती. येतात. नाकारायचं ते रूपांतर, पैसे नाहीत. मॉलमधल्या स्वाइप मशीनवरही हाच प्रश्न येतो आणि कधीकधी दुकानातला मुलगा न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो. पावतीवर सही करण्याआधी चलन बघा, रुपये दिसले तर रद्द करून परत करायला सांगा. अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर काही भारतीय बँका वर आपला एक टक्का लावतात ही आणखी गंमत.

फॉरेक्स कार्डाबद्दल माझं मत थंड आहे. एकीनं तिच्या बँकेतून डॉलर भरलेलं घेतलं होतं. भाव बांधला जातो, हे खरं. कार्ड हरवलं तर खात्याला धक्का लागत नाही, हेही खरं. पण डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला की पुन्हा चलन बदलतं आणि क्रॉस करन्सीचे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातात. काही बँकांच्या कार्डात थेट बाट भरता येतात. तसं मिळालं तर विचार करा, पण भरतानाचा बाटचा भाव विचारून घ्या, चार्ज तिथंच दडलेला असतो. एटीएमचे 220 याही कार्डाला चुकत नाहीत. उरलेले डॉलर परत घ्यायला तिला शाखेत दोनदा जावं लागलं आणि विकताना भाव कमी मिळाला. नाही घेतले तर काही महिन्यांनी वापर नसल्याची फी सुरू होते. अमेरिकेला किंवा युरोपात जाणाऱ्या, त्याच चलनात खर्च करणाऱ्या माणसाला हे कार्ड शोभतं. थायलंडला नाही.

क्रेडिट कार्ड एकाच कामाला न्या: हॉटेलच्या अनामतीसाठी. हॉटेलं आल्या आल्या हजार-दोन हजार बाट रोख ठेवून घेतात किंवा कार्डावर तेवढी रक्कम अडवतात. डेबिट कार्डावर अडवलेले पैसे सुटायला बरेच दिवस लागू शकतात आणि तोवर आपलेच पैसे आपल्याला दिसत नाहीत. क्रेडिट कार्डावर अडकले तर अडकू दे. त्या कार्डानं एटीएममधून मात्र काढू नका. मार्कअप शून्य असला तरी पैसे काढल्याची वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

रस्त्यावर तसं रोखच चालतं. तिथल्या प्रत्येक गाड्यावर क्यूआर लावलेला असतो, आपल्यासारखाच, आणि आपल्या बायका सवयीनं फोन काढतात. पण ते त्यांचं प्रॉम्प्टपे. आम्ही गेलो तेव्हा आपल्याला त्यासाठी थाई बँकेत खातं लागत होतं. सेव्हन-इलेव्हनमध्ये ठरावीक रकमेच्या खाली कार्ड घेत नाहीत. एमआरटी मेट्रोच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड नुसतं टेकवलं की काम होतं, बीटीएस या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेला मात्र आम्हाला तिकीटच काढावं लागलं. राजवाड्याचं तिकीट 500 बाट, आठ जणींचे 4,000, तेव्हा त्या सकाळी पाकीट भरलेलं हवं. चाओ फ्राया नदीवरच्या केशरी झेंड्याच्या बोटीला 16 बाट, कुठंही उतरा. तिथली कंडक्टर बाई हातातली लांब धातूची नळी खळ्ळखळ्ळ वाजवत गर्दीतून येते. त्या नळीतच तिकिटांचा रोल आणि त्यातच चिल्लर. एका हातानं झाकण उघडून सुट्टे देते, त्याच झाकणाच्या धारेवर तिकीट फाडते, आणि बोट हलत असताना एकदाही चुकत नाही. आठ जणींचे 128 बाट मी 130 दिले, 2 परत आले, मोजायच्या आत ती पुढच्या बाकावर होती. या दौऱ्यातली सर्वांत तरबेज कॅशियर तीच.

नाण्यांत एक गोष्ट लक्षात ठेवा. 10 बाटचं नाणं आपल्या दहाच्या नाण्याची उलटी प्रत वाटतं: आपल्याकडे कडा पिवळी आणि मध्य पांढरा, तिथं कडा पांढरी आणि मध्य पिवळा. पर्सच्या तळाशी दोन्ही मिसळली की बोटीवर घोळ होतो. नोटा रंगावरून पटकन ओळखता येतात: वीस हिरवी, पन्नास निळी, शंभर लाल, पाचशे जांभळी, हजार तपकिरी. सगळ्यांवर राजाचं चित्र आहे आणि ते तिथले लोक फार मानतात. वाऱ्यानं उडालेली नोट थांबवायला पाय ठेवू नका. आमच्यातल्या एकीचा पाय उचललाच होता. शेजारच्या फळवालीनं वाकून नोट उचलून दोन्ही हातांनी दिली.

किती रोख अंगावर ठेवायची, हा त्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा प्रश्न राहतोच. आम्ही दिवसाचा सामायिक खर्च माझ्या कमरेच्या पाउचमध्ये, बाकीचे हॉटेलच्या तिजोरीत आणि थोडे दुसऱ्या एकीकडे, असं वाटून ठेवलं होतं. एटीएमची फी वाचवायला सगळे बाट एकाच पर्समध्ये ठेवून बाजारात हिंडणं हा वेडेपणा आहे, पण ते वाटून ठेवायला फी पडत नाही.

नाणी परत कुणी बदलून देत नाही, म्हणून विमानतळावर पाणी आणि चॉकलेटं घेताना आधी ती संपवली. नोटा मिळून 1,340 बाट उरले. ते साताऱ्यात कुणाला परस्पर विकायचे नसतात, कितीही भाचेमंडळी मागे लागली तरी. 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा आपल्याजवळ ठेवता येतात, म्हणून त्या वहीत ‘पुढील जमा’ म्हणून ओढल्या आहेत. भिशीत आता क्राबीचं चाललंय. बेटांकडे आणि किनाऱ्याला चलनाचा भाव बँकॉकपेक्षा पडलेला असतो, तेव्हा विमान बँकॉकमार्गेच घ्यायचं आणि मधल्या वेळेत पुन्हा ‘बी’ मजला गाठायचा, एवढं मी आधीच सांगून ठेवलं आहे.